दोनदा हलकेच थोपटावे

"इतकं सोप्पं होतं होय!" सासूबाई मोबाइलकडे बघून म्हणाल्या, आणि दारात उभ्या असलेल्या थोरल्या सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. मोबाइलमध्ये धाकटी सून होती. खरं तर ती शेजारच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. पण सासूबाईंना ती मोबाइलमधलीच जास्त आवडे.

थोरली एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायची. खोक्याच्या तळाशी, थर्माकोलखाली दबलेली असते ना, तीच. इंजिनिअर सांगे ते ती निवडी, पाखडी, खडे वेचावेत तसे जास्तीचे शब्द वेचून टाकी. आधी इशारा, मग कृती, असा तिचा नेम. धाकटी काय करी? तीच पुस्तिका घेई, मशीनपाशी उभी राही आणि हसत हसत रीलमध्ये सांगून मोकळी होई. दळायचं एकीने आणि पीठ मिरवायचं दुसरीने. तिच्या रील लाखो लोक बघत. थोरलीची पुस्तिका मात्र घरात एकदाच उपयोगी पडली होती, डुगडुगणाऱ्या टेबलाखाली.

"अगं, तूही सांग की असं हसून," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी लिहिलेलंच सांगतेय ती!"

"असेल बाई. पण तुझं वाचायला चष्मा शोधावा लागतो. हिचं कसं, भांडी घासता घासता ऐकता येतं."

त्या दिवशी ऑफिसात थोरलीचं मन थाऱ्यावर नव्हतं. पुढ्यात नव्या वॉशिंग मशीनची पुस्तिका होती. चोर पकडायचा तर मालावर खूण हवी, तिच्या मनात आलं. आणि जन्मात केलं नव्हतं ते तिने केलं. झाकण लावणं आणि बटण दाबणं यांच्या मधे एक पायरी घुसवली: 'झाकणावर दोनदा हलकेच थोपटावे.' ना त्याला अर्थ, ना गरज. धाकटीने हे सांगितलं रे सांगितलं की चारचौघांत विचारायचं, बाई गं, हे तुला कुठून कळलं?

इंजिनिअरने पुस्तिकेवर सही केली. तो कधी वाचत नसे. सही मात्र वळणदार करी.

मशीन बाजारात आलं, एक घरीही आलं. धाकटीने रील केली. "आणि आता सगळ्यात गोड काम! झाकणावर थोपटायचं. दोनदाच हं. बाळाला झोपवताना थोपटतो ना, तस्सं!"

थोरली मनात म्हणाली, सापडली! पण चारचौघं जमेपर्यंत चार लाख जमले होते. निवृत्त गृहस्थ मशीन थोपटू लागले. नवी जोडपी एकेक थाप वाटून घेऊ लागली. कुणी त्याला अंगाई लावली. कंपनीतले फोन थांबेनात.

"डाव्या हाताने थोपटलं तर चालतं का हो?"

"चुकून तिसऱ्यांदा थोपटलं गेलं, आता काय करू?"

घरीही तेच. थोरलीने घाईत मशीन लावलं, तर सासूबाई हातातलं टाकून आल्या. "अगं, थोपटलं नाहीस!"

"आई, त्याची काही गरज नसते."

"तुला काय माहीत? धाकटीला विचार."

मग एक दिवस साहेबांनी धाकटीलाच कंपनीत बोलावलं. थोरलीला वाटलं, आता हिची खरडपट्टी. पण थोरली, इंजिनिअर, मेकॅनिक असे सगळे साहेबांच्या खोलीत जमले, तर टेबलावर पुष्पगुच्छ होता.

"जुन्या मशीनच्या मानाने नव्याच्या तक्रारी निम्म्यावर आल्यात," साहेब म्हणाले. मेकॅनिकने मान डोलावली. "साहेब, निम्म्या घरी झाकण अर्धवटच लागलेलं असायचं. आता लोक थोपटायला जातात आणि झाकण आपसूक बसतं."

"काय डोकं लावलंत बाई!" साहेबांनी पुष्पगुच्छ धाकटीपुढे केला.

थोरलीला राहवेना. ती ताडकन उठली. "साहेब, ते डोकं माझं आहे! पुस्तिकेत बघा. सहावी पायरी."

साहेबांनी बघितलं. "अरेच्चा! मग हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

सगळ्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं. त्याने स्वतःच्या सहीकडे पाहिलं. "मला वाटलं, जाहिरातवाल्यांनी घातलं असेल."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तिकेत मनचं लिहिणाऱ्याला या कंपनीत दुसऱ्या दिवशी खुर्ची नसे. आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं? जावेला पकडायला लिहिलं?

"त्यांना अनुभवाने सुचलं असणार," धाकटी मधेच म्हणाली. "आमचं एक कपाट नीट लागत नाही. ताई त्यालाही असंच थोपटतात."

घरात असं कपाट नव्हतं.

"वा!" साहेबांनी पुष्पगुच्छ थोरलीकडे वळवला. "आता फ्रिजच्या पुस्तिकेतही असंच काहीतरी घाला. सोमवारपर्यंत."

जिना उतरताना थोरलीने विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"ताई, तुमची पुस्तकं मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. एक शब्द वावगा नसतो. हे वाक्य दिसलं तेव्हाच कळलं, हे माझ्यासाठी घातलंय."

"मग रीलमध्ये सांगितलंस कशाला?"

"तुमचं वाचताना पहिल्यांदाच हसू आलं हो मला."

थोरली जागीच थांबली. शेवटच्या पानापर्यंत पोचलेलं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. पुष्पगुच्छातली अर्धी फुलं काढून तिने धाकटीच्या हातात दिली.

पुढचे दिवस ती फ्रिजपुढे बसून राहिली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'दार नीट लावावे' यापलीकडे गाडी जाईना. शेवटी रविवारी ती धाकटीच्या खोलीत गेली. "फ्रिजचं दार लावताना तुला काय करावंसं वाटतं गं?"

धाकटीने घडी घालता घालता क्षणभर विचार केला. "मला ना ताई, त्याला 'येते हं' म्हणावंसं वाटतं. निरोप घेताना कुणी लगेच पाठ फिरवत नाही ना? म्हणजे दार पूर्ण लागेपर्यंत माणूस थांबतं."

थोरलीने ते अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. मग वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून तिच्या पोटात असं काही दुखायला लागलं की सासूबाईंनी तिला ओवा दिला.