पेद्रामारचा आपला माणूस

पोर्तुगालच्या परराष्ट्र खात्यात चुकलेल्या माणसाला बढती देण्याचा रिवाज होता. घरी बसवावे तर त्याचा पक्ष रुसतो. वर ढकलले की सगळे खूश. तेओतोनिओ वालादीम कोपनहेगनच्या मेजवानीत राणीला राजाच्या प्रेयसीच्या नावाने हाक मारून बसले, म्हणून त्यांना व्हिएन्नाला पाठवले. तिथे ते वाटाघाटीत घोरले, म्हणून थेट मंत्री झाले.

मंत्री होताच पेद्रामार या त्यांच्या कोळ्यांच्या गावाहून काका सिमाओ लिस्बनला आले. अंगाला सार्डिन मासळीचा वास, टोपी हातात.

"बाळा, परक्यांची गलबतं आपल्या खाडीत शिरणार म्हणतात. शिरली तर आम्ही जाळ्यांत काय धरायचं, शेवाळ?"

"काका, माझ्या देहावरून जावं लागेल त्यांना!" वालादीम म्हणाले. त्या क्षणी ते त्यांना खरेही वाटले.

परक्या गलबतांना खाडी खुली करणारा करार जेवणानंतर समोर आला. परका राजदूत हसून म्हणाला, "खाडीबद्दल काही हरकत?"

वालादीम उठले. 'नाही' हा शब्द अगदी जिभेवर होता. पण नकार दिलेला मंत्री त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. नकार कसा देतात, तेच त्यांना ठाऊक नव्हते. घसा साफ करून ते म्हणाले, "याबाबत पोर्तुगालची भूमिका स्पष्ट आहे."

कोणती, ते कोणी विचारले नाही. सही झाली. कर्तबगारीबद्दल राजाने त्यांना किताब दिला: पेद्रामारचे व्हायकाउंट.

आता सत्कारासाठी गावी जाणे आले. दगड पडतील म्हणून ते गाडीत खाली वाकून बसले होते. धक्क्यावर होड्या उलट्या पडलेल्या, मासळीबाजारात मांजरसुद्धा नाही. पण चौकात बँड वाजत होता आणि सिमाओकाका आनंदाने रडत होते.

वालादीमना राहवले नाही. "काका, खाडी मीच घालवली."

"ठाऊक आहे रे! उपऱ्यानं घालवली असती तर त्याचं घर जाळलं असतं. आपल्या माणसानं घालवली, ही का लहान गोष्ट?"

तेवढ्यात जेर्त्रुदेस नावाची कोळीण पुढे आली. मासळी संपल्यावर तिचा नवरा ब्राझीलला गेला, तो गेलाच.

"साहेब, आमच्या चुलीवर आता काय शिजवू, तुमचा किताब?"

बँड थांबला. वालादीमना वाटले, सुटलो. निदान एकीने तरी विचारले. ते उत्तर द्यायला उठले, पण काकांनी त्यांना खाली बसवले आणि तिच्याकडे वळून विचारले, "तू मूळची कुठली गं?"

"पलीकडच्या गावची. लग्न होऊन आले."

"तरीच!" अख्खा चौक एका सुरात म्हणाला आणि बँड पुन्हा सुरू झाला.

पुढच्या निवडणुकीत वालादीम पेद्रामारमधून बिनविरोध निवडून आले. असली माणसे पोर्तुगालातच निपजतात, असे म्हणून वाचकाने खुशाल हसावे. फक्त हसण्याआधी आपल्या गावच्या चौकातला अभिनंदनाचा फलक वाचू नये.