मांजरीच्या तोंडात पाणी

धनेशचा मोबाईल मरायला टेकला होता आणि खोलीतल्या एकुलत्या एक चालू प्लगाला मांजर लावलेली होती. त्याने मांजरीची वायर काढून आपली लावली. एवढंच केलं त्याने.

घोडपदेवच्या त्या वृद्धाश्रमात, स्मृती गेलेल्या बायकांसाठी, एका ट्रस्टने ही बॅटरीची मांजर दिली होती. कुरवाळली की घुरघुरायची, डोळे मिटायची. आणखी एक मावशी कामाला ठेवा म्हटलं तर ट्रस्टकडे पैसा नाही. मांजरीला आहे. मांजर पगार मागत नाही आणि फोटोत गोड दिसते. पण धनेशने ट्रस्टला शिव्या घालणं सोडलं होतं, कारण मांजर आल्यापासून त्याची आई सुभद्रा ओरडायची थांबली होती. मेट्रन दर्शनाबाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "पुन्हा आरडाओरड झाली तर घरी न्यायचं." घर म्हणजे चाळीतली एक खोली. दिवसभर सगळे कामावर, आणि आई एकदा दार उघडून पार भायखळ्यापर्यंत चालत गेलेली.

तो खाली चहाला गेला. वर सुभद्रेच्या मांडीवर मांजरीची घुरघुर बारीक होत होत थांबली.

"माऊ चालली," सुभद्रा शेजारच्या खाटेवरच्या राधाबाईंना म्हणाली. "तोंडात पाणी घाला गो. तहानलेली धाडतलास काय तिका?"

पोटच्या मुलाचं नाव जिला सापडत नव्हतं, तिला मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं बरोबर आठवलं. सगळ्यांनाच आठवलं. एकीने पेला आणला, एकीने खिडकीतल्या कुंडीतली तुळस खुडली. प्रत्येकीने चमचा चमचा घातलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

धनेश वर आला तर मांजर चादरीवर आडवी, तोंडात तुळशीचं पान, भोवती बायका.

"काय केलंत हे?"

"रडू नको रे बाळा," राधाबाई म्हणाल्या. "वय झालेलं तिचं."

त्याने घाईघाईने वायर खुपसली. मांजरीच्या पोटात चर्र झालं आणि धूर निघाला.

"अरे मेल्या, हयच जाळतंस?" सुभद्रा म्हणाली. "स्मशानात ने."

दारात दर्शनाबाई उभ्या. "ट्रस्टचे साहेब जिन्यात आहेत. मांजर खलास?"

"बाई, वाळली की होईल चालू."

"तू मला शिकवू नको. आई ओरडली की गाडी बोलवायची आणि न्यायची. माझ्याकडे माणसं नाहीत सांभाळायला."

ट्रस्टचे यशोधन साहेब व्हिडिओ काढतच आत आले. हसऱ्या आज्या हव्या होत्या, मयत निघाली. पण ते डगमगले नाहीत. "डोन्ट वरी, दुसरी आणलीय." त्यांनी जळकी मांजर उचलून आपल्या मोठ्या पिशवीत टाकली आणि त्याच पिशवीतून नवी काढली. तोच रंग, तेच डोळे. बटण दाबलं.

म्याव.

राधाबाई किंचाळल्या. तोंडात तुळस घालून वाटेला लावलेली परत आली होती, आणि त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. एक जण खाटेखाली शिरली, दोघी जिन्याकडे पळाल्या, एकीने उरलेलं पाणी साहेबांच्या तोंडावर मारलं, कारण भूत त्यांनीच आणलं होतं. गोंगाट रस्त्यावरच्या पानवाल्यापर्यंत गेला. तो वर बघायला लागला.

धनेश भिंतीला टेकला. आता आई सुरू होणार. तिचे कपडे कुठल्या पिशवीत भरायचे, बायकोला काय सांगायचं, दाराला बाहेरून कुलूप लावायचं का, सगळं एकदम डोक्यात आलं. आईकडे बघायची हिंमत होईना.

सुभद्रा शांत बसली होती. मांजर मेल्याचं ती एव्हाना विसरली होती. तिने साहेबांच्या हातातली मांजर मांडीवर घेतली, कानामागे खाजवलं आणि वैतागून दर्शनाबाईंकडे पाहिलं.

"किती बोंबलतत ह्यो," ती म्हणाली. "ह्यांका घराक धाडा बघू."