उशिरा आलेल्या दुधाचे वकील

साळवे सर खुर्चीत बसत नाहीत. संगमनेरच्या आमच्या ऑफिसात आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तिथे सरांच्या खुर्चीवर त्यांची पिशवी असते आणि सर उभ्यानं कोड लिहितात. चार ओळी, दारापर्यंत फेरी, परत चार ओळी.

नवं काही दाखवलं की ठरलेला प्रश्न : "त्यात नवं काय हाय?"

मी स्ट्रीम प्रोसेसिंगचं फ्रेमवर्क आणलं. दिवसभराच्या नोंदी साचवायच्या नाहीत, केंद्रावरून आली की नोंद तिथल्या तिथे तपासायची, असं तावातावानं सांगितलं. सरांनी चहाची गाळणी उचलली.

"किटलीतून गाळणीत, गाळणीतून कपात. पाइप आणि फिल्टर. मी शिकत हुतो तवाची रचना."

"आणि एक घटना एकदम सगळ्यांना कळवायची, ते?"

"दवंडी."

"मग आपलं जुनं सॉफ्टवेअर?"

"कचेरी. शिपाई, कारकून, सायब. थरावर थर. तू गाळणीला मोटर लावली, पुढारीण!"

मला संताप यायचा, कारण ते बहुतेक वेळा बरोबर असायचे. पण वाहत्या नोंदींसाठी कुठवर थांबायचं, हे ठरवावंच लागतं. मी म्हटलं, सकाळच्या नोंदी दाखवणारा स्क्रीनवरचा फलक नऊला बंद. उशिरा आलेल्या नोंदी उद्याच्या यादीत. दुधाचे पैसे कुणाचेच बुडत नव्हते.

"एक वाजेपर्यंत उघडा ठेव," सर म्हणाले. "डोंगरात रेंज न्हाई. केंद्रावरचा माणूस मोबाईल घेऊन टेकडी चढतो, तवा नोंदी येत्यात."

"एका केंद्रासाठी सगळ्यांनी थांबायचं?"

"व्हय."

"नियम सगळ्यांना सारखा हवा, सर. ओळखीपाळखीवर चालणारी कामं मी पुष्कळ पाहिलीत."

सर दारापर्यंत जाऊन आले. ऑफिसात हात वर झाले आणि मी जिंकले.

सोमवारी नऊला फलक बंद झाला. दहाला सरांच्या फेऱ्या वाढल्या. अकरा वाजले तरी त्यांची एक ओळ लिहून झाली नव्हती. साडेबाराला ते माझ्या टेबलाशी आले.

"उद्याच्या यादीत बघ की जरा. डोंगरातलं केंद्र. सभासद नंबर सत्तावीस."

मी पाहिलं. सुमनबाई. म्हैस, तीन लिटर.

"आलीय. कोण या?"

"थोरली बहीन. एकलीच ऱ्हाती. माझ्याशी बोलत न्हाई."

मी का म्हणून विचारलं नाही. तेच म्हणाले, "आबा गेले तवा मी हितं सर्व्हर दुरुस्त करीत बसलो. पोचलो तर समदं उरकलं हुतं. माझ्यासाठी थांबलं न्हाई कुणी."

स्क्रीनवरच्या त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"दूध घातलं म्हंजी उठली, गोठ्यात गेली. बरी हाय."

दुपारी मी माझ्याच नियमाविरुद्ध ठराव मांडला : फलक एक वाजेपर्यंत उघडा, सगळ्या केंद्रांसाठी. सहकारी हसले. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'डोंगरात रेंज नाही.'

ते खोटं नव्हतं.