गुरनुले सरांचं नववं प्रकरण

गुरनुले सरांसमोर चहा ठेवला की ते तो आधी गोल फिरवून पाहायचे. कपाला कान असतो, म्हणून कप त्यांना चालत नसे. ग्लासच हवा. ग्लास हळूहळू पूर्ण फिरवायचे, चारी बाजूंनी न्याहाळायचे आणि समाधान झालं की प्यायचे. तोवर चहाचं पार पाणी झालेलं असायचं.

"काऊन फिरवता जी?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"फिरवला तरी बदलला काय? नाई ना? मंग तिथं काईतरी जसंच्या तसं शिल्लक राह्यते. निसर्गाचा नियम हाय, सर."

वडनेरच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. मूळचे नाचणगावचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. भाऊ वांगी-टमाटे घेऊन पुलगावच्या बाजारात बसायचे. हे मात्र गणितात शिरले, नोकरी करता करता बाहेरून एम.एस्सी. झाले आणि मग क्वांटम फील्ड थिअरीच्या नादी लागले. ते काय असतं, मला विचारू नका. मी सरांना विचारलं होतं, त्याची शिक्षा म्हणून एक अख्खी मधली सुट्टी गेली. एवढंच कळलं, की जगातला प्रत्येक कण म्हणजे सगळीकडे पसरलेल्या कशात तरी उठलेला तरंग असतो आणि रिकामी जागा कधीच रिकामी नसते. या दुसऱ्या गोष्टीचा आमच्या शिपायाला फार त्रास व्हायचा. "आठवी ब रिकामी हाय," असं तो म्हणाला की सर त्याला तिथंच थांबवायचे. "रिकामी नसते, बाबाराव. पोरं नाईत असं म्हन."

एकदा हेडसर बाहेर गेलेले पाहून यांनी त्यांची खुर्ची उलटी फिरवून ठेवली. "पाहा बरं, काई फरक पडला काय?"

"मले पडला ना, बाप्पा!" दारात उभे राहिलेले हेडसर ओरडले. "आता भिंतीकडे पाहून शाळा चालवू काय मी?"

आम्ही पोट धरून हसलो. त्यांच्यामागेही हसायचो, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या घरी जाऊन ती वही पाहिली आणि माझं हसणं आपोआप कमी झालं.

त्या वहीची हकीकत अशी. या क्वांटमच्या विषयावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सरांना नागपूरहून पंधरा दिवसांसाठी मिळालं होतं. विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि झेरॉक्स तेव्हा आमच्या मुलखात कोणी पाहिली नव्हती. मग नवरा-बायकोनं मिळून पहिली नऊ प्रकरणं हातानं उतरवली. बाई चौथी शिकलेल्या. इंग्रजीचा गंध नाही. पण रांगोळी पाहून रांगोळी काढावी तशी त्यांनी एकेक खूण पाहून काढली. सर शाळेत असताना त्या लिहायच्या, सर आले की सर. अक्षर तर असं, की सरांच्या पानापेक्षा बाईंचंच पान वाचायला सोपं. पुस्तक परत गेलं आणि महिनाभरात कावीळ होऊन बाई गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात सर आणि ती वही एवढंच उरलं.

त्या वहीवरून सर एकटेच शिकत राहिले. ना गुरू, ना वर्ग. आठ प्रकरणं त्यांनी पचवली आणि नवव्यात जे अडकले ते सात वर्षं.

अशात नागपूरच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. सर त्यांना अधूनमधून शंका लिहून पाठवायचे. त्यांनी कळवलं होतं, की नवव्या प्रकरणातलं मुख्य गणित सोडवून महिनाअखेरपर्यंत पाठवा, बरोबर असलं तर जूनपासून संशोधनाला घेतो. सरांचं वय तेव्हा अडतीस. दुसऱ्यांदा असं पत्र येणार नव्हतं, हे मला कळत होतं तर त्यांना कळत नसेल? तरी पंचवीस तारीख उलटली आणि पाकीट काही निघेना.

"निघत नाई, सर," ते म्हणायचे. "सगळं एकमेकांत जिरून जाते. हाती काईच राह्यत नाई."

मला भयंकर राग आला. एवढ्या हुशार माणसाला एक गणित सुटू नये? मग डोक्यात आलं, वहीतच तर घोळ नसेल? पेपर तपासायच्या निमित्तानं नागपूरला गेलो होतो, तेव्हा त्या प्राध्यापकांकडून पुस्तक मागून घेतलं आणि नवव्या प्रकरणाची झेरॉक्स काढून आणली. परत आलो तो थेट सरांच्या घरी. सर चहा करायला आत गेले आणि मी वही नि झेरॉक्स शेजारी-शेजारी मांडून बसलो. समजत काहीच नव्हतं, पण मासिकात दोन चित्रांतले फरक ओळखतो तसा एकेक खूण पाहत गेलो. शेवटाकडं एक पान आलं. पुस्तकात वजा, वहीत अधिक. एक नाही, अकरा ठिकाणी! आणि फक्त त्याच एका पानावर.

"सापडलं!" मी ओरडलो. खिशातलं लाल पेन काढलं, मास्तरकीची खोड, आणि पहिल्या अधिकाची उभी रेघ खोडणार तोच सरांनी धावत येऊन माझं मनगट धरलं. चहा सतरंजीवर सांडला.

"नोका जी. माहीत हाय मले."

"माहीत हाय? सात वर्षांपासून?"

सर खाली बसले. बराच वेळ सांडलेला चहा पुसत राहिले.

"शेवटच्या दिवसाचं पान हाय ते. सकाळी पुस्तक वापस द्याचं होतं. ती लिहत होती आन् दिवेलागण झाली. मले विचारलं, अवो, ही आडवी रेघ वजाचीच काय? म्या म्हटलं, हो, वजाच. म्हनजे कमी कराचं. तं म्हने, दिवा लावल्यावर घरात कमी कायले लिहू मी? तांदूळ सरले तरी आपन वाढले म्हनतो. मी उभी रेघ देऊन ठेवते, तुमी सकाळी खोडून घेजा. म्या हो म्हटलं. सकाळच्या घाईत राहून गेलं. मंग ती आजारी पडली."

"मग आता खोडा ना!"

"तिच्या हातची रेघ हाय, सर. म्या म्हटलं, अधिक धरूनच पाहू. एखांद्या रस्त्यानं तरी तिचं बरोबर निघन. सात वरसं झाली, पाहूनच राह्यलो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी बोललो, कारण तारीख सत्तावीस होती.

"वहीला हात नका लावू. कोऱ्या कागदावर लिहा. पण सर, सकाळी खोडून घ्या असं बाईंनीच सांगितलं होतं ना? तुम्ही त्यांचं ऐकलं नाही."

मी उठून घरी आलो. आपण जरा जास्तच बोललो असं रात्रभर वाटत राहिलं.

जूनमध्ये सर नागपूरला गेले आणि तिथलेच झाले. लोक आता त्यांच्या हुशारीच्या गोष्टी सांगतात. मला मात्र आठवते ती त्या रात्रीनंतरची सकाळ. सर माझ्या दाराशी उभे, दाढी वाढलेली, हातात बंद पाकीट. आम्ही पोस्टापर्यंत चालत गेलो. त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं घातलं, पण सोडेनात.

"निघालं, सर," ते म्हणाले. "वजा धरला आन् एका तासात निघालं. सगळं बरोबर आलं."

"मग टाका की!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"आता तिले काय सांगू?"