पाहुणे येईपर्यंत

अमडापूरजवळच्या आमच्या हायस्कूलला वरून आदेश आला, की मुलींना मासिक पाळीविषयी मोकळेपणाने माहिती द्यावी. मुख्याध्यापक जानराव सरांनी शिपायाला बाहेर काढलं, दार लावलं आणि आदेश मनातल्या मनात वाचला. मग तातडीने समिती नेमली. समितीत चार पुरुष. बायामाणसांसमोर असला विषय कसा काढायचा, म्हणून प्रतीक्षा मॅडमकडे रांगोळी दिली.

समितीने सखोल विचार केला. कार्यक्रमाच्या दिवशी मुलांना मैदानावर पिटाळलं. फलकावरचा 'पाळी' हा शब्द पाहुण्यांना खुपू नये, म्हणून त्यावर झेंडूचा हार सोडला. स्टेजवर पॅडची पेटी, पेटीला लाल फीत, शेजारी ताटात कात्री. फीत कापायला प्रमुख पाहुणे सहदेवराव खामगावहून निघाले होते. निदान फोनवर तरी निघाले होते.

आणि देवा, नववीतल्या अपेक्षाची पाळी नेमकी तिथेच, पहिल्या रांगेत आली! अंगात पांढरी सलवार. पोरीचा जीव नुसता मुठीत. तिने मॅडमचा पदर ओढला, मॅडम सरांकडे धावल्या.

"सर, अपेक्षाले एक पॅड पाहिजे."

"उद्घाटनाच्या आधी?" सर शहारले. "तिले काऊन येवढी घाई?"

"घाई तिले नाही सर, पाळीले झाली."

"मंग म्हणा, पाहुणे येतवरी थांब."

"कोनाले म्हणू? पोरीले, का पाळीले?"

समितीची जागच्या जागी बैठक बसली. ठरलं, की मुलीने रीतसर अर्ज करावा, मात्र अर्जात कारण लिहू नये.

अपेक्षा उठली. ओढणी कमरेला गुंडाळून तरातरा स्टेजवर चढली, कात्री उचलली आणि कच्च! फीत खाली. फीत कापली की टाळ्या, असा सकाळपासून सराव झालेला. सगळ्या मुलींनी कडकडाट केला. सवयीने समितीनेही केला. पोरगी पॅड हातात घेऊन ताठ मानेने बाथरूमकडे गेली. आईशपथ, मला तर नाचावंसं वाटलं!

सहदेवराव आल्यावर फितीला गाठ मारून ती पुन्हा कापण्यात आली. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा कात्रीसकट फोटो, वर मथळा: 'आता लाजायचं नाही!'

पुढच्या महिन्यात अपेक्षा मेडिकलवर गेली. दुकानदाराने इकडेतिकडे पाहिलं, पाकीट रद्दी पेपरात गुंडाळलं आणि वर काळी पिशवी चढवली. घरी येऊन तिने कागद उलगडला, तर आत सहदेवराव कात्री घेऊन हसत होते.

तुम्हीही हसलात ना? मग हीच गोष्ट आता घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा बरं.

अहो, दार कशाला लावताय?