पाच निळे दिवे

ग्राहक कंपनीला टेस्टिंग मशीनच्या पडद्याचं चित्र हवं होतं, तेही संध्याकाळी पाचच्या आत. चाकणच्या या कारखान्यात मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गेटवरच स्टिकर लागतो. फोटोची परवानगी मिळते, पण अर्जासोबत ज्या वस्तूचा फोटो काढायचा तिचा फोटो जोडावा लागतो. हा नियम करणाऱ्या गृहस्थांना बढती मिळून ते दुसऱ्या प्लांटला गेले होते.

म्हणून कॅमेऱ्याशिवाय चित्र मिळवायचं काम तनुजाकडे आलं. तिची ट्रेनी म्हणून मुदत शुक्रवारी संपत होती. क्वालिटीचे मॅनेजर जयदीपसर म्हणाले, "मशीन आज अप्रूव्ह झाली तर पर्मनंटचं पत्र मी स्वतः आणून देईन. नाही झाली तर काय, आपण टचमध्ये राहूच."

पिंपळे गुरवला तनुजाच्या आईने पर्मनंटचे पेढे आधीच वाटले होते. आता अख्ख्या सोसायटीकडून पेढे परत मागणं शक्य नव्हतं.

तनुजाने मशीनला लॅपटॉप जोडला आणि पडद्यावरच्या ठिपक्यांचे आकडे मेमरीतून जसेच्या तसे उचलले. आकडे लाखो. पण एका ओळीत ठिपके किती आणि कुठला आकडा कुठल्या रंगाचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मॅन्युअलमध्ये होतं, मॅन्युअल कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर होती. तिने अंदाजाने आकडे मांडले. चित्र आलं, पण प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाऊन सगळं तिरकं झालेलं. नेमके तेव्हाच सर मागे येऊन उभे राहिले.

"अरे बापरे, मशीन वाकडी आहे!"

"नाही सर, ओळीची रुंदी माझ्याकडून चुकली..."

"मला चित्रात दिसतंय ना! मेंटेनन्सला बोलवा."

मेंटेनन्सचे रोहिदासभाऊ सपाटी तपासायची पाणसाळ घेऊन आले. त्यांनी ती मशीनवर ठेवली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "व्हय सायेब, दोन सूत कललीय. पर बसवल्यापासनं अशीच हाय. काय बी बिघडत न्हाई."

"बिघडत नाही म्हणजे? ग्राहकाला वाकडं चित्र पाठवू?"

रोहिदासभाऊंनी मशीनच्या पायाखाली लोखंडी पाचर ठोकली. तोवर तनुजाला बरोबर रुंदी सापडली, तिने आकडे नव्याने उचलले आणि चित्र सरळ झालं. सर तिच्याकडे विजयी नजरेने बघत म्हणाले, "बघ! पाचर बसली आणि चित्र सरळ!"

तनुजाने बोलायला तोंड उघडलं, तिला पेढे आठवले, आणि तिने ते मिटलं.

पण मशीनचं मोजमाप कललेल्या स्थितीतच जुळवलेलं होतं; सरळ केल्यावर ते बिघडलं होतं. पडद्यावर पाच गोल दिवे असतात. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. पाचही लाल झाले होते. आणि चित्रात ते होते निळे.

"सर, लाल आणि निळ्या आकड्यांचा क्रम माझ्याकडून उलटा लागलाय. खरे दिवे लाल आहेत."

सरांनी घड्याळ बघितलं. पाचला चार मिनिटं कमी होती. "चित्रात लाल आहे?"

"नाही."

"मग पाठव."

"सर, पण हे खोटं होईल."

"खोटं कसलं? मेलमध्ये मी रंगाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही."

पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं: मशीन मंजूर. शुक्रवारी सरांनी पत्र आणून दिलं. तनुजाला आनंद झाला, पण त्याहून जास्त लाज वाटली. नापास मशीनवर मिळालेली नोकरी तिला गिळवेना. शनिवारी तिने रोहिदासभाऊंकडून पाचर काढून घेतली. पाचही दिवे हिरवे झाले. रंगांचा क्रम दुरुस्त करून तिने खरं चित्र बनवलं, झालेली चूक स्पष्ट लिहिली आणि सरांना न विचारता मेल पाठवून दिली. सोमवारी ती ड्रॉवर रिकामा करायच्या तयारीनेच आली.

उत्तर आलं होतं: "दिवे मंजूर नमुन्याप्रमाणे निळे नाहीत. मशीन नापास. बुधवारपर्यंत दुरुस्ती करून चित्र पाठवावे. यापुढे दर आठवड्याला पाठवावे."

सरांनी ते दोनदा वाचलं. "कशाला गेलीस खरं बोलायला? आता रंग परत उलटे कर."

"केले सर. उलटतात ते लाल आणि निळाच, हिरवा हिरवाच राहतो. चित्रात निळा यायला पडद्यावर लाल लागतो."

"आणि लाल कधी येतो?"

"मशीन नापास झाली की."

 सरांनी रोहिदासभाऊंना बोलावून घेतलं.

"म्हंजे हिला परत सरळ करायची?" रोहिदासभाऊंनी विचारलं.

"हो. दर सोमवारी. चित्र काढून झालं की पाचर काढायची आणि काम सुरू करायचं. तनुजा, ही पद्धत नीट लिहून भिंतीवर लाव."

"आणि खाली सही कुणाची, सर?"

"तुझीच कर. ट्रेनीची सही चालत नाही, पण तू आता पर्मनंट आहेस ना!"