खोसियत ओपाचं खास मीठ

"डॉक्टर नुसते कागद लिहितात. माणसं बरी होतात ती पातेल्यातून!"

खोसियत ओपाने, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताईने, उझबेकिस्तानातल्या कोकंदमधल्या आपल्या चार मजली इमारतीच्या अंगणात उभं राहून हे जाहीर केलं, आणि त्या दिवसापासून तीन आजारी माणसांची चूल एक झाली.

असं बोलायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, याबद्दल तिला शंका नव्हती. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात मुख्य स्वयंपाकीण होती ती! रोज चारशे पोरं जेवायची आणि एकाचंही पोट कधी बिघडलं नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. ज्यांचं बिघडायचं ती दुसऱ्या दिवशी शाळेतच यायची नाहीत, त्यामुळे तिला कळणार तरी कसं!

तिला स्वतःला एकोणीस वर्षांचा मधुमेह. तिच्या नवऱ्यालाही होता. दर गुरुवारी त्याला चरबीतला पुलाव लागायचा आणि ती तो प्रेमाने करून घालायची. आधी त्याचा अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग तोच गेला. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. ती त्याबद्दल बोलायची नाही, पण आता कुणालातरी बरं करून दाखवायचंच, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

हाताशी दोन माणसं आयती सापडली. तळमजल्यावरचा एर्गाश अका, म्हणजे एर्गाशदादा, हा निवृत्त बसचालक, वय सदुसष्ट. हृदय दुबळं, रक्तदाब आभाळाला टेकलेला आणि पाय असे सुजलेले की बुटांनी त्याच्याशी संबंध तोडलेले. तिसऱ्या मजल्यावरची मस्तुरा शिवणकाम करायची, वय सेहेचाळीस. तिची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडून घ्यायचं आणि भिंतीला धरत घरी यायचं. नवरा दोन वर्षांपूर्वी रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. ती शिळ्या नानचे तुकडे चहात बुडवून खायची आणि त्यालाच जेवण म्हणायची.

व्यवस्था झकास होती. एर्गाश अकाने बाजारातून भाजी आणायची, मस्तुराने बसल्या बसल्या ती चिरायची, ओपाने शिजवायचं आणि दुपारी अंगणातल्या द्राक्षाच्या वेलाखाली, लाकडी तख्तावर तिघांनी जेवायचं.

पहिल्या दिवशी एर्गाश अकाने चमचा तोंडात घातला आणि चेहरा असा केला, जणू कुणी त्याचा वाहनपरवाना जप्त केलाय.

"खोसियत, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

"तुम्हाला मीठ बंद आहे अका!"

"मग मला जगणंही बंद करा ना! वेगळं कशाला मारता?"

असा आठवडा गेला. मग ओपाने औषधाच्या दुकानातून एक निळा डबा आणला. 'हृदयरोग्यांसाठी खास मीठ.' खारट लागतं, पण मीठ नाही! ओपाला तो डबा छातीशी धरून नाचावंसं वाटलं.

"ओपा, मला बऱ्याच गोष्टी मना आहेत," मस्तुरा हळूच म्हणाली. "जर्दाळू, टोमॅटो, बटाटा..."

"ठाऊक आहे मला! बटाटा दोनदा उकडून पाणी फेकते, टोमॅटोला तर घरात पाऊल ठेवू देत नाही. आणि यात जर्दाळू कुठाय? हे मीठ आहे पोरी, आणि मीठसुद्धा नाही!"

मस्तुरा जेवली.

ओपाकडे रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. दर शनिवारी ती एर्गाश अकाच्या दंडाला पट्टा आवळायची. पहिल्या शनिवारी एकशे सत्तर. दुसऱ्या शनिवारी एकशे ऐंशी!

"असं कसं? खास मीठ कमी पडत असणार!" ओपाने निदान केलं आणि पातेल्यात एकाऐवजी दोन चमचे टाकले. पुढच्या आठवड्यात चार.

मीठ कमी पडत नव्हतं. एर्गाश अकाच्या कोटाच्या आतल्या खिशात काडेपेटी होती आणि तिच्यात खरंखुरं मीठ होतं. ओपा पाणी आणायला वळली की अकाची बोटं जादूगाराला लाजवतील अशी चालायची. घरी गेल्यावर घोड्याच्या मांसाचं सॉसेज होतं, ते वेगळंच.

इकडे ओपाची स्वतःची साखरही उतरेना. तिच्याही एप्रनच्या खिशात एक पुडी असायची, खडीसाखरेची. खडीसाखर म्हणजे काही साखर नव्हे, तो तर दगडच, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

त्या तख्तावर प्रामाणिकपणे जेवणारं माणूस एकच होतं. मस्तुरा वाटी पुसून घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. पाय शिसं भरल्यासारखे जड झाले.

"अशक्तपणा आहे," ओपा म्हणाली. "घे, अजून एक वाटी वाढते."

रविवार आला. यंत्राला लागून दोन दिवस झाले होते, पुढची पाळी सोमवारची. ओपाने मस्तावा केला होता, तांदूळ आणि सलगम घातलेलं दाट सूप. मस्तुराने दुसरी वाटी संपवली आणि तिच्या हातातून चमचा गळून पडला. उचलायला वाकली, तर वाकलेलीच राहिली.

"ओपा... पाय उचलत नाहीत."

"साखर उतरली!" ओपा ओरडली. तिच्या जगात माणूस एकाच कारणाने कोसळायचं. तिने एप्रनच्या खिशातून पुडी काढली आणि खडीसाखरेचा खडा मस्तुराच्या तोंडात कोंबला.

"खोसियत! तुमच्या खिशात खडीसाखर?" एर्गाश अका थक्क झाला. "अहो, साखर नाही, मीठ कमी पडलंय तिला!" आणि त्याने काडेपेटी काढून चिमूटभर मीठ तिच्या जिभेवर टाकलं.

"अका! ते काय आहे?"

"मीठ."

"कुठलं?"

"खरं."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. दोघांमध्ये मस्तुरा, गोड-खारट तोंडाने, हळूहळू तख्तावर आडवी होत होती. मग तिचे डोळे फिरले आणि एर्गाश अकाने रुग्णवाहिकेला फोन लावला.

रुग्णवाहिका आली. ओपा पुराव्यादाखल अर्धं पातेलं आणि निळा डबा घेऊन आत चढली, मागोमाग एर्गाश अका. आपण काही वाईट घातलेलं नाही, हे तिला दाखवायचं होतं.

रुग्णालयात डॉक्टर नोदिराने मस्तुराच्या छातीला तारा लावल्या, कागदावरची रेघ पाहिली आणि ओरडून दोन इंजेक्शनं मागवली. मग मागे वळली.

"काय खाल्लं हिने?"

"सगळं पथ्याचं! मिठाचा कणसुद्धा नाही!" ओपाने डबा पुढे केला.

डॉक्टरने डबा उलटा करून तळाची बारीक अक्षरं वाचली. मग ओपाला वाचायला दिली. ओपाचा चष्मा घरी राहिला होता.

"यात पोटॅशियम आहे," डॉक्टर म्हणाली. "सोडियमच्या जागी. जर्दाळूत असतं तेच, पण मुठीने. हिची मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत. 'मूत्रपिंडाच्या रुग्णांनी घेऊ नये,' लिहिलंय इथे. किती घालत होता?"

"चार चमचे," ओपा म्हणाली.

"अजून अर्धा तास गेला असता, तर हृदय बंद पडलं असतं."

मस्तुराला यंत्राला जोडलं. बाहेरच्या बाकावर दोघं बसली, ओपाच्या मांडीवर पातेलं. चार तास. एर्गाश अकाने काडेपेटी कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मग थोड्या वेळाने सॉसेजबद्दलही सांगून टाकलं. ओपा ओरडेल म्हणून त्याने खांदे आक्रसून घेतले होते. ती ओरडली नाही.

"दर गुरुवारी पुलाव करायचे मी," ती समोरच्या भिंतीला म्हणाली. "तो मागायचा म्हणून. त्याच्या वेळी निदान मला ठाऊक तरी होतं."

एर्गाश अकाने पातेलं तिच्या मांडीवरून काढून आपल्या मांडीवर घेतलं. तेवढंच.

संध्याकाळी मस्तुराने डोळे उघडले. ओपा खाटेपाशी गेली, पण जवळ नाही, दोन हात लांबच उभी राहिली.

"कडू लागायचं, ओपा," मस्तुरा पुटपुटली. "पहिल्या दिवसापासून."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"दोन वर्षांनी कुणीतरी मला 'अजून वाढू का' असं विचारत होतं." तिने डोळे मिटले. "कशाला बोलू?"

ओपा बाहेर आली आणि जिन्याच्या कोपऱ्यात तोंडावर डोक्याचा रुमाल धरून रडली. अठ्ठावीस वर्षांत तिच्या स्वयंपाकाची एवढी वाईट आणि एवढी चांगली तारीफ कुणी केली नव्हती.

दहा दिवसांनी तिघं पुन्हा वेलाखाली जमली. या वेळी डॉक्टर नोदिराने प्रत्येकाला पथ्याचा वेगळा कागद दिला होता. ओपाने चष्मा लावला, तिन्ही कागद तख्तावर पसरले, लाल पेन्सिल घेतली आणि जे एकालाही मना होतं ते खोडत गेली. तासाभराने तिन्ही कागद लाल झाले. शेवटी दोन पदार्थ उरले. उकडून पाणी फेकलेला कोबी आणि अंड्यातलं पांढरं.

"प्रत्येकाचं वेगळं शिजवूया का, ओपा?" मस्तुराने विचारलं.

"शिजवू. हात धीट झाला की शिजवू. आज हेच."

जेवण वाढलं गेलं. तिघं चावत होती. एर्गाश अका काहीतरी चांगलं बोलायला शोधत होता, हे त्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं.

"पाणी मात्र छान गार आहे हं!" तो शेवटी म्हणाला.

मस्तुराने आपला पियाला हलकेच बाजूला सारला. "मला दिवसाला तीनच पियाले चालतात, अका. पाण्याचंही मोजमाप दिलंय."

एर्गाश अकाने आपला कागद उचलला, हात लांब करून पाण्याबद्दलची शेवटची ओळ वाचली आणि घोट तोंडातच धरून ठेवला.

खोसियत ओपाने पाण्याची सुरई उचलली आणि आत नेऊन ठेवली.